पोरं आली का?

मत्सर हा शब्द पुस्तकातला झाला. सोलापुरात आम्ही जळणं म्हणतो, आणि मी त्या माणसावर उभं आयुष्य जळले. लपवून काय उपयोग? नवऱ्याला माहीत आहे, लॅबमधल्या बायकांना माहीत आहे, त्यालाही माहीत होतं. एकदा माझ्या टेबलावरच्या शेंगा सोलता सोलता तो म्हणाला, "तू माझ्याकडं मारक्या म्हशीगत बघतेस की गं." मी शेंगांची वाटी तेवढी माझ्याकडं ओढून घेतली.

आता तो सोलापुरात नाही. गाशा गुंडाळून हैदराबादला लेकीकडं गेला, त्यालाही दोनेक वर्षं झाली. माणूस गेला की जळणंही संपेल, अशी माझी आपली भाबडी समजूत होती. पण परवाच एका डॉक्टरांनी माझा रिपोर्ट हातात घेऊन सुस्कारा सोडला, "सर असते तर एकदा दाखवून घेतलं असतं." खाली सही माझी होती. मी हसले आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.

आम्ही एका वर्गातले. मेडिकलला असताना मी पहिली यायचे आणि तो पास व्हायचा. बाप सोलापूरच्या पूर्व भागातला विणकर, घरात तेलुगू, शाळा म्युनिसिपालिटीची. तोंडी परीक्षेत प्रश्न आला की हा आधी तेलुगूत पुटपुटायचा, मग मराठीत, आणि इंग्रजीत उत्तर तयार होईपर्यंत परीक्षक घड्याळ बघायला लागलेले असायचे. पुढं मी पॅथॉलॉजी घेतली, त्यानं मायक्रोबायोलॉजी, म्हणजे जंतूंचं शास्त्र. सात रस्त्याजवळ माझी लॅब झाली. काचेचं दार, एसी, टोकन, बसायला गुबगुबीत खुर्च्या. त्यानं कुठं थाटावी, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत, भावाच्या टॉवेलच्या कारखान्याच्या माडीवर. खाली पॉवरलूम आणि वर मायक्रोस्कोप. थोडी तरी अक्कल असलेला माणूस हलत्या जमिनीवर मायक्रोस्कोप ठेवेल का?

त्यानं ठेवला. खाली टॉवेलांची चवड, चवडीवर फळी, फळीवर मायक्रोस्कोप. रोजचं रक्त-लघवीचं काम त्या चवडीवर निभायचं. पण मणक्यातलं पाणी तपासायला आलं की तो जिन्यात उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि खाली तेलुगूत ओरडायचा की डोक्यातलं पाणी आलंय. एकेक करून सगळे माग थांबायचे. कारखानाभर शांतता. मीटरवर कापड विणणारी माणसं ती, माग थांबला की त्यांची कमाई थांबते. तरी कुणी कधी कुरकुर केली नाही. बिडी नाहीतर तंबाखू काढून बसायचे, आणि जरा वेळ झाला की त्यातलाच कुणी वर तोंड करून विचारायचा, "सर, पोरं आली का?" हा वरून सांगायचा, "आली. चालू करा." खटाखट खटाखट पुन्हा सुरू. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी घरी जाईपर्यंत जळत होते. माझ्यासाठी माझ्या बिल्डिंगमधल्या ब्यूटी पार्लरवाल्यांनी कधी गाण्याचा आवाजसुद्धा कमी केला नव्हता.

पोरं म्हणजे पांढऱ्या पेशी. त्यातही न्यूट्रोफिल नावाच्या, ज्या जंतूंवर सगळ्यांत आधी धावून जातात. हे नाव त्याचंच. मेंदूभोवतीचं पाणीच खाली मणक्यात उतरतं, त्यात एरवी पेशी जवळजवळ नसतातच, ते पाणी निवळशंख असतं. मेंदूज्वर झाला की ते गढुळतं. तिथं न्यूट्रोफिलची गर्दी दिसली की समजायचं, साध्या जंतूंचा हल्ला आहे, ताबडतोब औषध हवं. लिम्फोसाइट नावाच्या गोल, गंभीर पेशी जास्त असल्या की बहुतेक वेळा विषाणू नाहीतर टीबी. त्यांना तो म्हातारे म्हणायचा. सगळ्या सोलापूरच्या डॉक्टरांना त्यानं ही भाषा लावली होती. शिकलेसवरलेले एमडी लोक फोनवर विचारायचे, "सर, पोरं आली का म्हातारे?" माझ्या रिपोर्टमध्ये टक्केवारी असायची, संदर्भमूल्यं असायची, खाली टीप असायची. ती कुणी वाचत नव्हतं.

त्याच्या तऱ्हा सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. खांद्यावर कायम एक पांढरा टॉवेल, लग्नाला जातानासुद्धा. मायक्रोस्कोपला डोळा लावला की नाकातल्या नाकात कसलंतरी तेलुगू गुणगुणणं. मणक्याच्या पाण्याची नळी तो शर्टाच्या आतल्या बाजूला शिवून घेतलेल्या खिशात ठेवायचा, अंगाला लागून, आणि स्कूटरवरून घेऊन यायचा. उन्हाळ्यात आमच्याकडं काय भाजतं ते सांगायला नको. लोक नमुने बर्फात घालून पाठवतात, आणि रक्ताला ते ठीकही आहे. पण मेंदूज्वराचे काही जंतू थंडीनं मरतात, मग लॅबमधल्या प्लेटवर वाढवायला घातले तरी उगवत नाहीत. आणि पाणी नुसतं ठेवून दिलं तर पोरं विरघळायला लागतात. म्हणून हा स्वतः आणायला जायचा. हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये नळी सापडली तर तिथल्या नर्सला सगळ्यांसमोर विचारायचा, "बाळंतिणीला फ्रिजमध्ये ठेवतेस काय?" मी दहा वेळा ही गोष्ट लेखी कळवली होती, सुबक परिपत्रक काढून. त्याच्या एका वाक्यानं फ्रिजची सवय मोडली.

आणखी एक. पेशंटचं नाव, वय, आजार काहीही तो आधी वाचत नसे. चिठ्ठीवर अंगठा दाबून धरायचा. "नाव वाचलं की डोळा खोटं बोलतो," म्हणायचा. "डॉक्टरनं मेंदूज्वर लिहिलं की मला मेंदूज्वर दिसतो. आधी मला बघू दे, मग तुमचं सांगा." मी त्याला नाटक म्हणायचे. मनातून पटायचं, आणि पटायचं म्हणूनच जास्त राग यायचा.

एका वर्षी डॉक्टरांच्या मासिक बैठकीत मेंदूज्वरावर आम्हा दोघांची भाषणं ठेवली होती. मी महिनाभर तयारी केली. रंगीत चित्रं, बाण, मेंदूच्या आवरणाचा उभा छेद. लोकांनी अदबीनं ऐकलं, दोघांतिघांनी अदबीनं डुलक्याही काढल्या. मग हा उठला. हातात काही नाही, खांद्यावर टॉवेल.

"मेंदू म्हणजे बंद दाराचं घर," तो म्हणाला. "रक्तातलं कुणी सहज आत जात नाही. आत घरची माणसं असतात, मायक्रोग्लिया. कोपऱ्यात बसून हात फिरवून चाचपत असतात, सगळं ठीक आहे का. जंतू हाताला लागला की पहिली बोंब तीच मारतात. त्यांना एकट्यांना आवरत नाही. बोंब ऐकून दार सैल होतं आणि रक्तातली पोरं आत घुसतात. पोरं लई मारतात. जंतू गिळतात, फुटतात, मरतात. आणि मरताना काय करतात माहीत आहे?" त्यानं खांद्यावरच्या टॉवेलचा एक फास ओढला, लांबच लांब धागा काढला आणि बोटांवर गुंडाळला. "पोटातला धागा बाहेर फेकतात. जाळं. आमच्या जातीचीच आहेत की ती."

लोक हसले. तो हसला नाही.

"पण पोरं ती पोरंच. मारामारीत कपबशी कुणाची, आरसा कुणाचा, बघत नाहीत. त्या जाळ्यातसुद्धा कधीकधी जंतूच लपून बसतात म्हणे, अलीकडं वाचलंय. गुडघ्यात कपबशी फुटली तर माणूस लंगडतो. मेंदूत फुटली तर बायकोचं नाव विसरतो. म्हणून अँटिबायोटिकच्या आधी नाहीतर बरोबर स्टेरॉइड द्या. स्टेरॉइड म्हणजे घरातल्या थोरल्यानं दारात उभं राहून सांगायचं, मारा रे, पण घर राखून मारा."

झालं. माझा उभा छेद कुणाच्या लक्षात नाही, टॉवेलचा धागा अख्ख्या सोलापूरच्या लक्षात आहे. नवराही ऐकायला आला होता, त्यानं घरी आल्यावर मला विचारलं, "तुझ्यात आणि त्याच्यात एवढा फरक कसा काय पडतो गं?" तो बिचारा मनापासून विचारत होता. मी त्या रात्री जेवले नाही.

आता बाटलीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका लहान मुलीचं मणक्यातलं पाणी माझ्याकडं आलं होतं. आमच्या टेक्निशियन बाईंनी स्लाइड रंगवली, मी पाहिली. जांभळे जंतू स्वच्छ दिसत होते. पेशी नव्हत्या. पण जंतू तर होते, आणि या खेपेला तरी मी त्याच्या आधी सांगितलं या आनंदात मी मुलीच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. त्यांनी आभार मानले आणि स्लाइड माझ्याकडून मागवून त्याला दाखवायला पाठवून दिली. जरा वेळानं हा स्कूटरवरून माझ्या दारात. गुबगुबीत खुर्च्यांवर पेशंट बसलेले. आत आला, माझ्या जांभळ्या रंगाची बाटली मागितली, कोऱ्या काचेवर नुसता रंग टाकला, धुतला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. पाणी नाही, पेशंट नाही, नुसता रंग. तेच जंतू.

आमच्या बाई बाटली कधी धूत नव्हत्या. रंग तळाला आला की त्यातच नवा ओतायच्या, दह्याला विरजण लावावं तसा. रंग फेकणं त्यांच्या जिवावर यायचं. त्या जुन्या रंगात जंतूंनी कधीच संसार थाटला होता.

"पोरं नाहीत आणि जंतू आहेत," तो मोठ्यांदा म्हणाला, त्याचा आवाज मुळातच मागाच्या वरचा, "म्हणजे हे जंतू मुलीचे नाहीत, तुझ्या बाटलीचे आहेत की." खुर्च्यांवरचे लोकसुद्धा हसले. मुलगी साध्या विषाणूच्या तापातून चार दिवसांत हिंडायला लागली. त्यानं नंतर बाईंना शेजारी बसवून बाटल्या उकळायला शिकवलं, आणि त्या संध्याकाळी त्याची इतकी तारीफ करत होत्या की मी त्यांना लवकर घरी पाठवलं. तेव्हापासून दर सोमवारी रंग मी स्वतः गाळते. पण गावात जे व्हायचं ते झालं होतं. माझ्याकडून जंतूंचा रिपोर्ट गेला की पलीकडून ठरलेला प्रश्न यायचा, "सरांनी बघितलं का?" देवाकडं मी दुसरं काही मागत नव्हते. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्या शब्दावर औषध सुरू करावं, त्याला न विचारता.

आणि मग माझी आईच आजारी पडली.

आई मूळची मोडनिंबची. वडील गेल्यापासून माझ्याकडं असते. साखर जुनी, आणि एक कान लहानपणापासून वाहणारा. मी घरात डॉक्टर असून ती त्यात लसणीचं कोमट तेल घालायची. बोलले की म्हणायची, "कान माजा हाय, तुज्या दवाखान्याचा न्हाय." मे महिन्यात एका सकाळी तिला ताप भरला आणि तिनं मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारली. दुपारपर्यंत ती कुणालाच ओळखेना. हॉस्पिटलात नेलं. फिजिशियन शहाणे गृहस्थ होते, पण म्हणाले, साखर चढलीय, लघवीत इन्फेक्शन आहे, वयाचा बोजा आहे, त्यानंच भ्रम झालाय. लघवीच्या इन्फेक्शनचं औषध त्यांनी लावलं. मी हट्ट धरला, वाहत्या कानातून जंतू मेंदूत जातात, कान बघा, मान ताठलीय का बघा, मणक्यातलं पाणी काढा. माझ्या हट्टापायी त्यांनी काढलं. ती नळी मी मुठीत, अंगाशी धरून लॅबपर्यंत नेली. आपण हुबेहूब त्याच्यासारखं वागतोय हे कळत होतं, आणि त्या घाईतसुद्धा मला त्याचा राग आला.

पाणी अगदी किंचित धुरकट. स्लाइड मी स्वतः रंगवली, सोमवारी गाळलेल्या रंगानं. डोळा लावला. जांभळे जंतू, जोडीजोडीनं, जिकडं बघावं तिकडं. पोरं नाहीत. स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली, एकही पोर नाही.

याचे दोनच अर्थ होतात. एक म्हणजे बाटली. दुसरा पुस्तकात बारीक अक्षरात असतो. जंतू इतके झपाट्यानं वाढले की अंगाला पोरं पाठवायला फुरसतच मिळाली नाही, आणि असा पेशंट सहसा हाताला लागत नाही. मला माहीत होतं की हा दुसरा अर्थ आहे. रंग माझा होता, हात माझा होता, आई माझी होती.

मी फिजिशियनना फोन केला. दिसलं ते सांगितलं. "मॅडम, जंतू भरपूर आणि पेशी एकही नाही म्हणता?"

"हो."

"साखर?"

"पाण्यातली कमी आहे. जंतू खातात ती."

"रक्तातली तर नुसती वरखाली होतेय, तिच्यावरून काय धरायचं? रागावू नका, पण मागं तुमच्याकडं असंच झालं होतं ना. त्यात तुम्ही मुलगी आहात, घाबरलेल्या आहात. एवढी मोठी औषधं चालू करायची म्हणजे... सरांनी बघितलं का?"

मी फोन ठेवला. भांडायला वेळ नव्हता. उरलेलं पाणी पुन्हा मुठीत घेतलं, स्लाइड पर्समध्ये टाकली आणि रिक्षा केली. अक्कलकोट रोडपर्यंत मी त्याला शिव्या घालत होते. फिजिशियनला नाही, यालाच.

जिना चढून वर गेले. त्यानं माझं तोंड बघितलं. टाळ्या वाजवल्या, माग थांबले. चिठ्ठीवर अंगठा ठेवून त्यानं स्लाइड लावली. गुणगुणणं सुरू झालं, आणि जरा वेळानं तो म्हणाला, "बाटली."

"सोमवारी गाळलाय रंग. माझ्या हातानं."

"बाटली गं. एवढे जंतू आणि पोर एक नाही. असं माणसात होत नाही."

"होतं. माणूस बुडत असला तर होतं."

त्यानं मान वर केली. "पेशंट कोण आहे?"

"आई."

त्यानं चिठ्ठीवरचा अंगठा काढला आणि नाव वाचलं. मग हात पुढं केला, "पाणी राहिलंय का?" मी मूठ उघडली. त्यानं नवी काच घेतली, ज्योतीवरून फिरवली, थेंब ठेवला, वाळवला, स्वतःच्या बाटलीतला स्वतःचा रंग टाकला. तेव्हा गुणगुणत नव्हता. खालून कुणीतरी विचारलं, "सर, पोरं आली का?" त्यानं उत्तर दिलं नाही. पुन्हा कुणी विचारलं नाही. मी त्याच्या मानेकडं बघत उभी होते. आणि सांगायची लाज वाटत नाही, त्या क्षणी माझ्या दोन इच्छा होत्या. त्याचं बरोबर असावं, म्हणजे आई वाचेल. आणि त्याचं चुकावं.

"नाही आली," तो म्हणाला. मला वाटतं खालच्यांना म्हणाला. मग त्यानं फिजिशियनना फोन लावला.

"मी बोलतोय. हिनं आणलेल्या स्लाइडला मी आत्ता बाटली म्हणालो, ते माझं चुकलं. माझ्या रंगात पण तेच दिसतंय. जंतू खरे आहेत. हिनं पहिल्यांदाच बरोबर वाचलं होतं. पोरं अजून पोचलीच नाहीत, म्हणजे हिच्या आईच्या हातात वेळ नाही. स्टेरॉइड आणि मोठं औषध आत्ताच्या आत्ता लावा. ही येईपर्यंत थांबू नका."

पलीकडून एक प्रश्न आला नाही. मी रिक्षानं हॉस्पिटलला पोचले तेव्हा आईला सलाइनच्या बाटल्या लागलेल्या होत्या. माझ्या अचूक असण्याला जी किंमत नव्हती ती त्याच्या चुकण्याला होती. हे मला त्या खाटेशेजारी उभं असताना नीट समजलं, आणि आईचा हात हातात असतानासुद्धा माझ्या अंगाची लाही लाही झाली. औषध मात्र चालू होतं.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर तेच जंतू उगवले. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा पाणी काढलं, ते त्यानं स्वतः आतल्या खिशातून नेलं आणि मला बोलावून घेतलं. मी डोळा लावला. पोरंच पोरं. पाय ठेवायला जागा नाही एवढी. काहींच्या पोटात जंतू, काही फुटलेली, मध्ये मध्ये धाग्यांचे गुंते. "आली बघ," तो म्हणाला. मी तिथंच टॉवेलांच्या चवडीवर डोकं टेकून रडले. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून दिला आणि जिन्यात जाऊन खाली सांगितलं. माग सुरू झाले.

आई वाचली. माणसं ओळखायला लागली, हात-पाय हलवायला लागली, चहात साखर नाही म्हणून भांडायला लागली. फक्त तिला ऐकू येईना. दोन्ही कान गेले. पोरं उशिरा आली आणि आल्यावर त्यांनी घर पाहिलं नाही. स्टेरॉइड दिलं होतं, तरी गेले. ऐकायची मशिनं लावून पाहिली, तिला त्यात मागासारखी घरघर ऐकू येते म्हणून तिनं ती काढून टाकली.

शुद्धीवर येताना तिनं डोळे उघडले तेव्हा मी लॅबमध्ये होते आणि तो खाटेवर बसून शेंगा सोलत होता. पेशंटच्या जवळ कधी न फिरकणारा माणूस नेमका तेव्हाच येऊन बसला होता. झालं. तिच्या डोक्यात तेच बसलं. मोडनिंबचे पाव्हणे आले, भाजीवाली आली, शेजारच्या काकू आल्या, सगळ्यांना तीच कथा, आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "त्या टावेलवाल्या डाक्टरनं वाचिवलं मला. माजी लेक नुस्ती रडत बसली हुती."

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "अगं, मी ओळखलं! तो चुकला होता!" तिला ऐकू यायचं नाही. आमच्या अख्ख्या सोसायटीला आता माहीत आहे की ती स्लाइड कुणी बरोबर वाचली. वॉचमनलासुद्धा माहीत आहे. आईला सोडून सगळ्यांना.

शेवटी मी पाटी आणली. आई चौथी शिकलेली, अक्षरावर बोट ठेवून वाचते. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "तुझा आजार मी ओळखला. टॉवेलवाले डॉक्टर चुकले होते. त्यांनी स्वतः दुसऱ्या डॉक्टरांना फोनवर तसं सांगितलं."

आईनं बोट फिरवत वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, आली बाई वेळ एकदाची.

"तू वळकलंस व्हय?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आन त्येनी सोता सांगितलं, माजं चुकलं म्हनून? एवडा मोटा डाक्टर असून?"

मी पुन्हा मान हलवली, जरा हळू.

"दुसऱ्या डाक्टरला फोन करून?"

आता मान हलवायची माझी इच्छा नव्हती, पण लिहिलेलं माझ्याच अक्षरात होतं.

आईनं पदरानं पाटी पुसली आणि माझ्या हातात दिली. "बग," ती म्हणाली, "म्हनून तर मी समद्यास्नी सांगते. लई मोटा मानूस हाय त्यो. आयतवारी जेवाया बोलिव त्येला." आणि मग, माझं तोंड बघून असेल, माझा हात धरून म्हणाली, "भाकऱ्या मी थापते की. तू नगं जळूस."